बुटाची कुरकुर आणि तिचे निदान

आमच्या भागात वाजणाऱ्या पादत्राणाला एकेकाळी मान होता. नवी कोल्हापुरी वहाण करकर वाजली नाही, तर घेणाऱ्याला पैसे फुकट गेल्यासारखे वाटे. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेल्या कातड्याचे थर एकमेकांवर घासून तो आवाज येतो आणि वहाण तेल पिऊन मऊ झाली की हळूहळू विरतो. २०१९ साली जाहीर झालेल्या कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे जिल्हेही आले. तेव्हा अथणी-निपाणीकडील कारागीर त्या करकरीचेही अधिकृत वारसदार ठरले, असे म्हणावयास हरकत नाही.

सायकलच्या बुटाच्या आवाजाला मात्र असा मान नाही. पहाटे शहापुरातून निघून येळ्ळूरमार्गे राजहंसगडाकडे जाताना रस्त्यावर दुसरा आवाजच नसतो. अशा वेळी पायाखालून प्रत्येक फेरीला उमटणारे ‘टक्’ किंवा ‘कर्र’ पाच-सहा किलोमीटरनंतर डोक्यात भिनते. अलीकडे आपल्यापैकी बरेच वैद्यकव्यवसायी सायकलकडे वळले आहेत आणि भेटले की हीच तक्रार सांगतात. तक्रार सायकलची असते. बुटावर संशय घेणारा विरळाच.

या बुटाची रचना ज्यांना परिचित नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. त्याच्या कडक तळव्याखाली क्लीट नावाचा एक लहान तुकडा स्क्रूने बसविलेला असतो आणि तो पेडलमधील स्प्रिंगच्या खोबणीत ‘खट्’ असा अडकतो. पाय सोडवायचा असेल तर टाच बाहेरच्या बाजूस वळवायची. ‘लुक’ या फ्रेंच कंपनीने १९८४ साली अशी पेडल बाजारात आणली आणि पुढल्याच वर्षी बर्नार्ड इनो याने ती वापरून ‘टूर द फ्रान्स’ जिंकली. १९९० मध्ये ‘शिमानो’ने दोन स्क्रूंची छोटी धातूची क्लीट आणली; तीत बसते तो खोलगट तळव्याचा बूट घालून माणूस चारचौघांसारखा चालूही शकतो. तीन स्क्रूंची प्लास्टिकची मोठी क्लीट मात्र घालून चालताना बदकाची आठवण होते. (पायाला अशा रीतीने जखडणाऱ्या पेडलला ‘क्लिपलेस’ का म्हणतात, असा प्रश्न पडतो. पूर्वीची पट्ट्याची टो-क्लिप गेली, म्हणून ते नाव.)

आता आवाजाकडे वळू. दोन कोरडे पृष्ठभाग जोराने एकमेकांवर दाबले गेले की ते सरळ घसरत नाहीत. चिकटतात, सुटतात, पुन्हा चिकटतात. व्हायोलिनची तार आणि फळ्यावरचा खडू याच रीतीने वाजतात. क्लीट आणि तळवा यांच्यामध्ये केसाएवढी हालचालही त्यास पुरते. मात्र आवाज जेथे जन्मतो तेथूनच तो ऐकू येतो, असे नाही. मिरजेच्या तंबोऱ्यात कंप तारेचा असतो, पण घुमतो भोपळा. सायकलच्या पोकळ नळ्या तेच काम करतात, आणि बुटातली कुरकुर खालच्या बॉटम ब्रॅकेटमधून येते आहे, असे शपथेवर सांगावेसे वाटते. गुडघा दुखतो म्हणून लंगडत आलेल्या मुलाचा खुबा तपासण्यास आम्ही बालरोगतज्ज्ञ विसरत नाही, कारण खुब्यातील पर्थिसचा आजार गुडघ्यात दुखून फसवतो. तोच हा प्रकार.

हे ज्ञान मला असूनही माझी फसगत झाली. डाव्या बाजूने कर्र असा आवाज येऊ लागला, तेव्हा मी एका दुकानात सायकल नेऊन बॉटम ब्रॅकेटचे बेअरिंग बदलून घेतले. आवाज तसाच. मग कोणीतरी सांगितले म्हणून क्लीटवर शिलाई मशीनच्या तेलाचे चार थेंब सोडले आणि आवाज बंद झाला. खोकणाऱ्या मुलास नुसते खोकला दाबणारे औषध देऊ नका, असे वर्षानुवर्षे पालकांना बजावणाऱ्या मी येथे नेमके तेच केले होते. तीन आठवड्यांनी टिळकवाडीकडील रेल्वे फाटकापाशी थांबताना मी टाच वळवली. बूट वळला, पण सुटला नाही. मी सायकलसकट डाव्या अंगावर कोसळलो. मागून येणाऱ्या टेम्पोने ब्रेक लावला म्हणून मनगटाच्या मुक्या मारावर निभावले. पाय बुटातून ओढून काढावा लागला. नंतर पाहतो तो दोन स्क्रूंपैकी एक पडून गेलेला आणि दुसरा ढिला. एकाच स्क्रूवर क्लीट असली की बूट त्या स्क्रूभोवती नुसता गिरकी घेतो आणि क्लीट पेडलमध्ये जेथल्या तेथे राहते. तो कर्र आवाज ढिल्या स्क्रूचा होता आणि मी त्याचे तोंड बंद केले होते.

म्हणून तेलाच्या डबीस हात घालण्यापूर्वी ऐकावे, आणि ऐकताना आवाजाची वेळ पकडावी. हृदयातील मर्मर ऐकताना आपण मानेच्या नाडीवर बोट ठेवतो ना, तसे येथे पेडलच्या फेरीवर लक्ष ठेवावे. प्रत्येक फेरीस एकदाच, ठराविक जागी आवाज आला तर तो क्रँक, पेडल किंवा बूट यांचा. साखळीची एखादी कडी आखडली असेल तर ११० कड्यांची साखळी ५० दात्यांच्या चक्रावरून पुरती फिरण्यास २.२ फेऱ्या लागतात, म्हणजे आवाज तितक्या अंतराने येतो. चाकाचा दोष असेल तर पेडल मारणे थांबविल्यावरही आवाज चालूच राहतो. सीटवरून उठल्यावर थांबला, तर गुन्हेगार सीटखाली शोधावा. घड्याळाच्या काट्याप्रमाणे पाहिले तर पेडल तीनच्या जागी असताना पायाचा जोर सर्वाधिक असतो. तेथे येणारी कुरकुर बहुधा दाबाखालच्या कोरड्या सांध्याची. जोर पालटतो तेथे, वर किंवा तळाशी येणारे ‘टक्’ हे झिजलेल्या क्लीटच्या ढिलाईचे.

एवढ्याने बूट आणि पेडल यांचा निवाडा होत नाही, कारण पेडलचा आस क्रँकमध्ये कोरडा बसला असला तरी तो त्याच क्षणी वाजतो. येथे अदलाबदल करावी. त्याच सायकलवर साधे कॅनव्हासचे बूट घालून, जपून, थोडा चढ चढावा. आवाज गेला, तर क्लीट किंवा बूट. राहिला, तर पेडल काढून आट्यांना ग्रीस लावून पुन्हा बसवावे. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, हे विसरल्यास मेकॅनिकची मजुरी अटळ. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार औषधे एकदम दिल्यावर कोणत्या औषधाने गुण आला हे कळत नाही, ही अडचण वाचकांपैकी अनेकांच्या परिचयाची असेल.

बूट दोषी ठरला की तो पालथा करून क्लीट अंगठ्याने हलवून पाहावी. काढण्यापूर्वी तिच्या कडेने पेन्सिलीने रेघ ओढावी. जागा थोडीशी जरी चुकली तरी पाऊल तिरके बसते आणि पन्नाशीनंतरचे गुडघे ते निमूटपणे सोसत नाहीत. धातूच्या क्लीटचे स्क्रू ४ मिलिमीटरच्या एलन कीने उघडतात. जुन्या टूथब्रशने स्क्रू, वॉशर आणि तळवा साफ करावा. जांबोटी-खानापूर रस्त्याची तांबडी माती किती बारीक सांदीत शिरते, ते तेव्हाच कळते. स्क्रूच्या आट्यांना आणि डोक्याखाली ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि स्क्रू आळीपाळीने आवळावेत. जोर ५ ते ६ न्यूटन-मीटर, म्हणजे दहा सेंटिमीटर लांबीच्या किल्लीच्या टोकास पाच-सहा किलोचे वजन टांगल्याइतका. पहिल्या फेरफटक्यानंतर ते पुन्हा तपासावेत. मी तेही केले नव्हते.

प्लास्टिकच्या क्लीटला ओले तेल नको. त्यात माती बसून पॉलिश पेपर तयार होतो. तिच्या टेकण्याच्या जागी सुके मेणाचे किंवा सिलिकॉनचे वंगण पुरते. कडेचे रंगीत रबर झिजून गेले असेल तर वंगण न लावता क्लीटच बदलावी. बदलताना रंग पाहून घ्यावा. शिमानोच्या या प्रकारात पिवळ्या क्लीटमध्ये टाच ६ अंश फिरू शकते, निळीत २ आणि लाल पूर्ण जखडलेली. सहकाऱ्याची लाल घेऊन आपल्या बुटास लावणे हे त्याचा चष्मा लावण्यासारखे आहे.

क्लीट निर्दोष असूनही बूट वाजत असेल, तर आतली गादी काढून पाहावी. पावसाळ्यात ओली गादी प्लास्टिकच्या तळाशी चुईंचुईं करते. ‘तरुण भारत’च्या जुन्या अंकांचे बोळे कोंबून बूट सावलीत वाळवावेत आणि गादीखाली चिमूटभर टाल्कम पावडर भुरभुरावी. ती श्वासावाटे फुप्फुसात जाते म्हणून बाळांना लावू नका, असे मी पालकांना रोज सांगतो, त्यामुळे घरातला आमचा एकमेव डबा आता बुटांच्या फडताळात असतो. जिभेच्या कडा, घट्ट करण्याची चकती आणि तार हीही कधीकधी कुरकुरतात. तेथे सिलिकॉनचा एक थेंब पुरे. तळव्याला तडा गेला असेल, तर मात्र चांभार काय आणि डॉक्टर काय, कोणाचाच इलाज चालत नाही. दोन्ही हातांनी बूट किंचित पिळून उजेडात धरला की तडा दिसतो.

माझा डावा बूट आता गप्प आहे. गेल्या रविवारी राजहंसगडाच्या शेवटच्या चढावर, उभे राहून पेडल मारताना, उजवीकडून बारीक चुईंचुईं ऐकू आली. बसल्यावर थांबली, उठल्यावर पुन्हा सुरू झाली. स्क्रू तपासले, घट्ट आहेत. आज संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर गादी काढून पाहणार आहे.