लांडग्यांचा 'अल्फा' आला कुठून?

मारामारी करून वर चढतो तो 'अल्फा', आणि माणसांतही तसंच, असं रील्समध्ये सर्रास ऐकू येतं. ही कल्पना पसरली प्राण्यांचे अभ्यासक रुडॉल्फ शेंकेल यांच्या १९४७ च्या निरीक्षणांतून. पण ते लांडगे प्राणिसंग्रहालयात कोंडलेले होते. रानातला कळप बहुधा कुटुंबच असतो. पिल्लं थोराचं तोंड चाटतात, तो मांस ओकून भरवतो. मोठं झालेलं पिल्लू सहसा बापाला हटवत नाही. जोडीदार शोधायला निघून जातं. 'अल्फा' शब्द गाजवणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ मध्ये त्यावर आक्षेप घेतला.

कोणी म्हणेल, अमेरिकेतल्या यलोस्टोन उद्यानातल्या मोठ्या कळपांत चुरस दिसतेच की! दिसते, पण म्हणून तो सगळ्या लांडग्यांचा नियम ठरत नाही. माणसाशी तुलनाच करायची तर जवळचा चिंपांझी घ्या: तिथे नरांची उतरंड खरी, पण नुसत्या दांडगाईवर भागत नाही, साथीदारही जमवावे लागतात.