कानातला आवाज आणि घरातली मराठी

१९६६ साली गुलबर्ग्यास, म्हणजे आजच्या कलबुर्गीस, आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले. त्या काळी सीमाभागातील मराठी घरांत रेडिओ हा साऱ्या कुटुंबाचा असे. रात्र पडली की मध्यम लहरी दूरवर पोचतात. त्यामुळे महाराष्ट्रातील केंद्रे खरखरीतून वाट काढीत भालकी, औराद, आळंदपर्यंत येत, आणि ती खरखर सगळे घर एकत्र बसून सोशीत असे. आता ज्याच्या त्याच्या कानात स्वतंत्र इअरफोन आहे. त्यांपैकी चांगला कोणता, असे तरुण मंडळींना विचारले तर उत्तर बहुधा एकाच शब्दात मिळते : ‘बास’. आपल्यासारख्या घरांना एवढे उत्तर पुरेसे नाही.

१९५६च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे उदगीर, निलंगे हे तालुके मराठी मुलुखाकडे गेले. भालकी, औराद इकडे राहिले. येथील पुष्कळ मराठी मुले आज कन्नड अथवा इंग्रजी शाळांत शिकतात. त्यांना मराठी मिळते ती डोळ्यांवाटे थोडी आणि कानांवाटे अधिक. आणि मराठीत काही भेद असे आहेत की, ते लिपी दाखवीतच नाही. ‘जरा’ म्हणजे वार्धक्य आणि ‘जरा’ म्हणजे थोडे. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. अक्षरे तीच, ‘ज’ मात्र दोन. एक तालव्य, दुसरा दंत्य. ‘चहा’ आणि ‘चूल’ यांतल्या ‘च’चेही तसेच. शाळेतल्या कन्नडात हा भेद नाही. तो मुलाच्या कानावर स्पष्ट पडला तरच त्याच्या जिभेवर येणार.

हा भेद ध्वनीच्या कोणत्या भागात असतो? पुरुषाच्या बोलण्याचा मूळ स्वर सेकंदाला शंभर-सव्वाशे कंपनांच्या आसपास, स्त्रीचा सुमारे दोनशेच्या. परंतु ‘स’, ‘श’, ‘च’ यांतला सीत्कार कित्येक हजार कंपनांचा असतो. दंत्य उच्चारात तो अधिक उंच, तालव्यात काहीसा खाली. जुन्या टेलिफोनवरून सुमारे ३४०० कंपनांच्या पलीकडचे काहीच जात नसे. म्हणून नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असा घोळ व्हायचा. खालच्या स्वरांना आणखी एक खोड आहे. ते जोरात असले की वरच्या नाजूक स्वरांना झाकून टाकतात. बास फुगवलेल्या इअरफोनात ढोलकी छाती हलविते, आणि गाणाऱ्याचे शब्द मात्र घोंगडीआडून आल्यासारखे वाटतात.

घरच्या घरी तुलना करावयाची तर एक पथ्य पाळावे. दोन इअरफोनांत जो किंचित मोठा वाजतो तोच कानाला सरस वाटतो. आवाज गोड आहे की केवळ मोठा आहे, हे मनाला चटकन उमगत नाही. म्हणून आधी दोहोंचा आवाज सारखा करून घ्यावा, एकच ध्वनिमुद्रण घ्यावे, त्यातलाही तोच अर्ध्या मिनिटाचा तुकडा पुनःपुन्हा ऐकावा. शक्य तर ऐकणाऱ्याला कोणता इअरफोन किमती हे सांगूच नये. (किमतीने कान फार लवकर फितूर होतो.)

दुसरी गोष्ट बसण्याची. कानाच्या तोंडाशी नुसता टेकणारा इअरफोन खालचे स्वर गळू देतो. रबरी टोपीचा इअरफोन कानाच्या नळीत घट्ट बसला तर तेच स्वर भरीव होतात, आणि सैल बसला तर पाच हजारांचा माल पाचशेच्यासारखा वाजतो. डब्यात लहान-मोठ्या टोप्यांचे दोन-तीन जोड येतात ते पुष्कळ लोक तसेच टाकून देतात. वास्तविक खरी निवड तेथेच व्हायची असते. डाव्या-उजव्या कानांस वेगवेगळ्या मापाची टोपी लागली तरी त्यात नवल नाही.

अमेरिकेत एटिमॉटिक नावाच्या कंपनीने १९९१ साली कानाच्या नळीत खोल बसणारा एक इअरफोन बाजारात आणला. श्रवणयंत्रांच्या अभ्यासातून आलेल्या त्या मंडळींची दृष्टी निराळी होती : उघड्या कानाने समोर बसून ऐकताना पडद्यावर जे पडते, तेच पडावे. अनेकांना तो रुक्ष वाटला. मला ती रुक्षता पसंत आहे.

संगीताची कसोटी घ्यावयाची तर दूर जाण्याचे कारण नाही. हुमनाबादजवळच्या माणिकनगरात, जेथे माणिकप्रभूंनी मराठी, कन्नड आणि हिंदी पदे रचली, दत्तजयंतीच्या उत्सवात गायनाची जुनी परंपरा आहे. तेथे समोर बसून ऐकलेला तानपुरा स्मरणात ठेवावा आणि मग इअरफोनातला ऐकावा. जवारीचे ते बारीक झणझणणारे स्वर वेगळे कळत असतील, डग्ग्याची घुमक गायकाच्या अंगावर चढत नसेल, तर यंत्र चांगले. ब्लूटूथमुळे ध्वनी थोडा दाबला जातो हे खरे. परंतु बोलणे ऐकण्यापुरता तो फरक क्षुल्लक आहे.

व्हॉल्यूमची बाब मात्र क्षुल्लक नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आवाज आठवड्यातून ४० तास सोसतो. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते. बिदर-कलबुर्गीच्या बसमध्ये इंजिनाच्या वर गाणे चढविणारा मुलगा ही मर्यादा सहज ओलांडतो. घट्ट बसणारी टोपी बाहेरचा गोंगाट अडविते, म्हणून आवाज कमी ठेवूनही भागते. अति आवाजाने प्रथम जातात ते वरचेच स्वर, म्हणजे ज्यांत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार राहतात ते. वयोमानानेही तेच आधी जातात. म्हणून आजोबा ‘ऐकू येते, पण समजत नाही’ असे म्हणू लागले तर त्यांना नातवाचा इअरफोन न देता कानाच्या डॉक्टरांकडे न्यावे.