चौसष्ट भावांची वाटणी

“शी! काय ही चिलटं!” असे म्हणत सौभाग्यवतींनी केळ्यांचा घड उचलला आणि मी नकळत “अगं, थांब!” म्हणून ओरडलो. आदल्याच दिवशी प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाच्याने मला असल्याच एका चिलटाच्या, अर्थात नराच्या, वृषणात काय चालते ते सूक्ष्मदर्शकातून दाखवले होते. तेव्हापासून या क्षुद्र जीवाविषयी मला आदर वाटू लागला आहे.

चिलट सारे तीन मिलिमीटरचे. पण त्याचा एकेक शुक्रजंतू जवळजवळ दोन मिलिमीटर लांब! माणसाचा असतो जेमतेम ०.०५.

वृषणाच्या टोकाशी एक पेशी चार वेळा दुभंगते. एकीच्या सोळा होतात. त्या वाढतात, आणि आणखी दोन विभाजनांत गुणसूत्रे निम्मी होऊन ६४. मात्र दर खेपेस विभाजन अर्धवटच राहते बरे का! पेशीपेशींमध्ये बारीक वाटा खुल्या राहतात, आतला रस सर्वांचा सामाईक. चौसष्ट भाऊ, एक चूल! शेपट्या लांबतात त्याही एकत्रच.

वाटणी होते अगदी शेवटी. प्रत्येक डोक्यापाशी अ‍ॅक्टिन नावाच्या प्रथिनाचा शंकू तयार होतो. मग ६४ शंकू एका रांगेत शेपटीच्या टोकाकडे सरकू लागतात. ओल्या पंचाचे पाणी मुठीने निपटत न्यावे, तसा जास्तीचा रस ते पुढे लोटतात. मागे प्रत्येक धाग्याला स्वतंत्र आवरण मिळत जाते. साचलेला रस शेवटी पिशवीत बांधून टाकून दिला जातो. मरत्या पेशीचा फडशा पाडणारी विकरेच या सफाईला लागतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसले. पेशी मात्र जिवंत राहते!

ही वाटणी फिसकटली, तर नर दिसायला धट्टाकट्टा, मादीमागे हिंडणारा, पण निपुत्रिक. वाय गुणसूत्र नसलेल्या नरांचीही हीच गत, हे कॅल्व्हिन ब्रिजेस या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९१६ साली दाखवले. माणसातही शुक्रजंतू आधी जोडलेले असतात आणि उरलासुरला रस टाकून सुटे होतात. ते नीट झाले नाही, तर मूल होण्यात अडचण येऊ शकते.

भाचा हे सांगत होता आणि मला आमच्या नात्यातल्या एक काकू आठवत होत्या. चौदा वर्षे उपासतापास, नवस, अंगारे-धुपारे, शिवाय सासूचे टोमणे. काकांना तपासावे, हे घरात कुणाच्या मनातही आले नाही. काका रोज तालमीत जात!