मातीच्या पाट्या आणि मोडी बाडे

इ. स. पूर्व ६१२ साली निनवे नगर जळाले, परंतु असुरबनिपाल राजाच्या ग्रंथसंग्रहातील मातीच्या पाट्या त्या आगीत भाजून उलट टिकाऊ झाल्या. पुढे कीलाकार लिपी वाचणारा कोणी न उरल्याने त्यांतील वैद्यक शतकानुशतके मुके राहिले. १८५७ साली चार विद्वानांची स्वतंत्र वाचने जुळली, तेव्हा लिपी उलगडल्याची खात्री पटली. १९२३ साली कॅम्बेल थॉम्प्सन यांनी तेथील वैद्यकलेख छापले.

आमच्या अलिबाग-रेवदंड्याकडे मोडी वाचणारेही आता थोडेच उरले आहेत. कागद आगीत भाजत नाही, जळतो. आणि खारी हवा व वाळवी तर आगीचीही वाट पाहत नाहीत. म्हणून ज्यांच्या माळ्यावर वडिलार्जित औषधांचे बाड असेल, त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी जाणत्याकडून वाचवून घ्यावे. औषध खरे की खोटे, हे परीक्षेने ठरेल. पण जे वाचलेच नाही, त्याची परीक्षा कोण करणार?