मॅडम, शेवटच बरोबर नाही!



सोमवारचा पहिला तास होता. हजेरीची वही उघडली आणि पाहते तर काय, आमच्या खाप्याच्या शाळेत पाचवीच्या वर्गाचे चक्क दोन तट पडलेले! रविवारी काही मुलांनी ‘झपाटलेला’ आणि त्याच्या पाठोपाठ ‘झपाटलेला २’ असे दोन्ही सिनेमे पाहिले होते. त्यावरून जुंपली होती.

“मॅडम, हा पाहा ना, काहीही बोलून राहिला!” पहिल्या बाकावरची मुलगी उठली. “तात्या विंचू पहिल्या भागातच मेला होता. मंग दुसऱ्यात कसा काय आला?”

“अगं, त्याचा आत्मा आहे तो! आत्मा थोडीच मरते?” खिडकीजवळून उत्तर आलं.

“पण भुवयांच्या मधात गोळी लागली की तो खतम, असं त्यांनीच सांगितलं होतं ना!”

“मंग काय झालं? तात्या विंचूशिवाय सिनेमा पाहायला कोण जाईल?”

बरोबर तर दोघांचंही होतं. पण वाद इतका चिघळला, की मधल्या सुट्टीत रोज शेजारी बसून खिचडी खाणारे हे दोघं त्या दिवशी ओसरीच्या दोन टोकांना बसले. कट्टी!

“अरे, सिनेमाच तर आहे, सोडून द्या,” असं मी सहज म्हणू शकले असते. मोठी माणसं असंच म्हणतात. मला मात्र ते म्हणवलं नाही. कारण एकदा एका गोष्टीच्या शेवटाने मलाही असंच चिडवलं होतं.

मी सहावीत असतानाची गोष्ट. एका वाचनालयातून मी एक पुस्तक आणलं होतं. हरवलेलं वासरू शोधायला एक मुलगा एकटाच जंगलात जातो. रात्र होते, पायात काटा मोडतो, तहान लागते... आणि पुढची चार पानं गायब! कोणी फाडली, देव जाणे. मला तर रडूच कोसळलं. मग रात्री अंथरुणात पडल्या पडल्या शेवट मीच तयार केला. माझ्या शेवटात ते वासरू कन्हान नदीच्या काठी सापडतं आणि लंगडणारा मुलगा त्याच्या गळ्यात हात टाकून पहाटे घरी येतो.

पुढे डी.एड. करताना त्याच पुस्तकाची धड प्रत हाती लागली. धावतच शेवटची पानं उघडली. काय होतं त्यात? मुलगा झोपेतून जागा होतो. सगळं स्वप्न होतं म्हणे!

इतका राग आला मला! मग त्या काट्याचं काय? त्या तहानेचं काय? मी त्याच्यासाठी एवढी घाबरले होते, ते सगळं फुकट?

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. प्रत्येक कथा आपल्याला एक शब्द देते. ‘या जगात असं असं घडतं, हे नियम आहेत, तू विश्वास ठेव,’ असं ती म्हणते. आपण विश्वास ठेवतो. शेवटी तिने तोच शब्द मोडला, की आपली फसवणूक झाल्यासारखी वाटते. आमचं खापा हे हातमागाचं गाव. लुगडं कितीही सुंदर विणलं आणि पदराच्या टोकाचे धागे गाठी न मारता मोकळे सोडले, तर वीण उसवायला लागते. गोष्टीचंही तसंच आहे.

दुःखी शेवट म्हणजे वाईट शेवट का?

इथेच आपली पहिली चूक होते. रडू आलं की आपण म्हणतो, “शेवट बेकार आहे.” पण तसं नसतं हं!

‘शोले’ तुमच्या आईबाबांनीच काय, आजी-आजोबांनीही पाहिला असेल. १५ ऑगस्ट १९७५ रोजी तो प्रदर्शित झाला. त्यात जय मरतो. सुरुवातीच्या दिवसांत सिनेमा म्हणावा तसा चालेना, तेव्हा ‘जयला जिवंत ठेवून शेवट नव्याने चित्रित करावा का?’ असा विचार बनवणाऱ्यांनीच केला होता. पण त्यांनी थोडं थांबायचं ठरवलं आणि शेवट तसाच राहिला. आज ५० वर्षांनंतरही लोक जयसाठी हळहळतात. हा शेवट दुःखी आहे, पण खोटा नाही. मित्रासाठी जीव धोक्यात घालणारा जय आपल्याला आधीपासून माहीत असतो.

दुसरं उदाहरण तर अगदी घरचं. राम गणेश गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’ नाटकात दारूपायी एक सुखी संसार उद्ध्वस्त होतो. सिंधूही जाते आणि सुधाकरही. समजा, शेवटच्या प्रवेशात सुधाकर अचानक सुधारला असता आणि सगळे हसत घरी गेले असते, तर? प्रेक्षकांना क्षणभर बरं वाटलं असतं, पण दारूची भीती कोणाच्या मनात राहिली असती का?

म्हणून लक्षात ठेवा, दुःखी शेवट वेगळा आणि न पटणारा शेवट वेगळा.

मेलेला परत कसा आणायचा?

आता आमच्या वर्गातल्या भांडणाकडे येऊ. लाडकं पात्र मेलं आणि लोकांना ते परत हवं असलं, तर लेखकाने काय करावं?

ही अडचण फार जुनी आहे. शेरलॉक होम्स हा गुप्तहेर तुम्हाला ठाऊक असेल. त्याचे लेखक आर्थर कॉनन डॉयल त्याच्यावर लिहून लिहून कंटाळले. त्यांना ऐतिहासिक कादंबऱ्या लिहायच्या होत्या. डिसेंबर १८९३ मध्ये त्यांनी एका कथेत होम्सला स्वित्झर्लंडमधल्या रायशेनबाख धबधब्यात संपवून टाकलं! वाचक असे खवळले, की वीस हजारांहून जास्त लोकांनी त्या मासिकाची वर्गणी बंद केली, असं सांगतात. संतापाची पत्रं आली ती वेगळीच.

डॉयल यांनी बरीच वर्षं दाद दिली नाही. मग १९०१ मध्ये त्यांनी होम्सची नवी कादंबरी सुरू केली. पण त्यातली हकीकत होम्सच्या मृत्यूच्या आधीची होती. आणि १९०३ मध्ये होम्स खरोखरच परतला. कसा? जुन्या कथेत वॉटसनने त्याला पडताना पाहिलंच नव्हतं. त्याला दिसले होते फक्त पायांचे ठसे आणि मागे ठेवलेली चिठ्ठी. होम्स दरीत पडलाच नव्हता! पाहिलंत? जुना नियम मोडला नाही. दाराला फट होती, तिच्यातून होम्स आत आला.

आपल्याकडे ‘रात्रीस खेळ चाले’ या मालिकेचंही असंच झालं. २०१६ मध्ये तिचा पहिला भाग संपला, तेव्हा ‘एवढे महिने जागून हेच पाहायचं होतं का?’ असं कितीतरी प्रेक्षक म्हणाले. त्या भागात अण्णा नाईक अगदी सुरुवातीलाच मरण पावतात. २०१९ मध्ये दुसरा भाग आला, तोच मुळी अण्णा जिवंत असतानाच्या काळातला. मेलेल्याला उठवलं नाही, घड्याळ मागे फिरवलं. हे लोकांना इतकं आवडलं, की अण्णा आणि शेवंता यांची नावं घरोघरी झाली. म्हणजे पुढचा भाग नेहमीच फसतो, असंही नाही.

मग तात्या विंचूचं काय? पहिला ‘झपाटलेला’ आला १९९३ मध्ये, दुसरा २०१३ मध्ये, तोही थ्रीडी. मधे २० वर्षं गेली. सगळ्यांचा लाडका लक्ष्या, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डे, २००४ मध्येच आपल्यातून गेले होते. त्यामुळे दुसऱ्या भागात गोष्ट लक्ष्याच्या मुलाची झाली. बाहुला तोच होता, पण त्याच्यासमोर तो घाबरगुंडी उडालेला लक्ष्या नव्हता. ‘दुसऱ्यात तेवढी मजा नाही’ असं कोणी म्हणतं, तेव्हा तक्रार कथेची आहे की लक्ष्याची आठवण येते आहे, हे स्वतःला विचारून पाहायला हवं.

मालिकेचा शेवट का घसरतो?

सिनेमा सुरू होण्याआधी त्याची पूर्ण कथा सहसा लिहून तयार असते. रोजच्या मालिकेचं तसं नसतं. इकडे भाग दाखवणं चालू, तिकडे पुढचे भाग लिहिणं चालू! दर आठवड्याला टीआरपीचे, म्हणजे ती मालिका किती घरांत पाहिली गेली याचे, आकडे येतात. आकडे चांगले असले की मालिका वाढवत न्यायची. घसरले की ‘महिनाभरात संपवा’ असा निरोप. मग सहा महिन्यांचा गुंता चार दिवसांत सोडवताना लेखकाची तारांबळ उडणारच.

‘माझ्या नवऱ्याची बायको’ आठवते? त्यातली राधिका आमच्या नागपूरची, नागपुरी ठसक्यात बोलणारी. इकडच्या आया-मावश्यांना ती घरातलीच वाटायची. २०१६ मध्ये सुरू झालेली ही मालिका २०२१ पर्यंत चालली. “त्या गुरुनाथले शिक्षा होईन तरी कधी?” असं म्हणत आमच्या शेजारच्या काकू रोज चिडायच्या आणि रोज आठ वाजता टीव्हीसमोर बसायच्याही! आता सांगा, मालिका लांबवली कोणी? वाहिनीने? लेखकाने? की काकूंनीही थोडीशी?

प्रेक्षकांचं कोणी ऐकतं का?

कधी कधी ऐकतात. १९८७ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालं. जुलै १९८८ मध्ये रामाच्या राज्याभिषेकानंतर ते संपलं. पण लव-कुशांची आणि वाल्मीकी ऋषींच्या आश्रमाची कथा राहूनच गेली! वाल्मीकींना आपले मानणाऱ्या उत्तर भारतातल्या सफाई कामगारांनी त्यासाठी संप केला. जालंधर शहरात तर कचऱ्याचे ढीग साचले. अखेर उत्तर रामायणाची वेगळी मालिका निघाली. ज्यांच्याकडे एरवी कोणी लक्षही देत नाही, त्यांनी ‘आमची गोष्ट अर्धी ठेवू नका’ असं ठणकावून सांगितलं आणि देशाला ते ऐकावं लागलं.

सॉनिक नावाचा निळा हेजहॉग तुम्ही व्हिडिओ गेममध्ये पाहिला असेल. २०१९ मध्ये त्याच्या सिनेमाची झलक आली, तेव्हा ‘हा आमचा सॉनिक नाहीच’ म्हणून जगभरच्या मुलांनी गलका केला. दिग्दर्शकाने चूक मान्य केली, चित्र बदललं आणि सिनेमा तीन महिने उशिरा, फेब्रुवारी २०२० मध्ये आला. पण त्याच २०१९ साली मोठ्यांसाठीच्या एका इंग्रजी मालिकेचा शेवट बदला, म्हणून १५ लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. तिथे काही बदललं नाही.

आणि गंमत म्हणजे ‘शोले’चा आपण पाहत आलो तो शेवटही मूळचा नाही. मूळ शेवटात ठाकूर गब्बरला मारतो. सेन्सॉरने ते बदलायला लावलं, म्हणून पोलीस येऊन गब्बरला पकडतात. मूळ शेवट असलेला ‘शोले’ जून २०२५ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात दाखवला गेला. ५० वर्षांनी! आता दोन्ही शेवट आहेत. भांडायला विषयच विषय!

भांडा, जरूर भांडा. पण एक पथ्य पाळा. शेवट आवडला नाही म्हणून त्यात काम करणाऱ्यांना शिव्या देणं, मोबाइलवर त्यांच्याबद्दल वाईटसाईट लिहिणं, हे काही रसिकाचं लक्षण नाही. ‘बकवास आहे’ हे मत झालं, पण ‘इथे असं सांगितलं होतं आणि तिथे तसं झालं’ हा मुद्दा झाला. मत कोणीही देतं. मुद्द्याला डोकं लागतं.

ज्याला शेवटच नाही

आमच्या तालुक्याचं ठिकाण सावनेर. ‘एकच प्याला’ लिहिणारे गडकरी शेवटच्या आजारपणात तिथेच आपल्या भावाकडे होते. २३ जानेवारी १९१९ रोजी, वयाच्या अवघ्या ३३ व्या वर्षी, सावनेरातच ते गेले. त्या आजारपणातही त्यांनी ‘भावबंधन’ नाटक पूर्ण केलं. पण संभाजी महाराजांवरचं ‘राजसंन्यास’ अपुरंच राहिलं. त्याचा शेवट गडकऱ्यांनी कसा केला असता, हे आता कोणालाच कळणार नाही. सावनेरवरून बस जाते, तेव्हा दर वेळी माझ्या मनात हे येतं. न आवडलेल्या शेवटाशी निदान भांडता तरी येतं!

हे सगळं मी वर्गात सांगितलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘झपाटलेला’चा पुढचा भाग तुम्ही लिहा. अट एकच, पहिल्या भागातला एकही नियम मोडायचा नाही.

अर्धा तास वर्गात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. मग खिडकीजवळचा मुलगा डोकं खाजवत म्हणाला, “मॅडम, हे तर कठीण आहे जी!” पहिल्या बाकावरच्या मुलीने मागे वळून पाहिलं. आपल्याही वहीत दोनच ओळी झाल्यात, हे काही तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी खिचडीच्या वेळी दोघं पुन्हा शेजारी. वाद मिटला होता का? छे! “बाहुला दुसऱ्याच गावात बनवलेला होता, असं करू ना!” “नाही जमत, आत्मा तर एकच आहे!” खिचडी थंड होत होती आणि ते भांडतच होते. फक्त आता दोघांची वही एकच होती.

करून पाहा

न आवडलेल्या एखाद्या सिनेमाचा किंवा मालिकेचा शेवट घ्या आणि वहीत चार उत्तरं लिहा.

१. गोष्टीने सुरुवातीला कोणता शब्द दिला होता?
२. शेवटी तो पाळला का?
३. मला वाईट वाटलं की फसवल्यासारखं वाटलं?
४. मी असतो किंवा असते, तर शेवट कसा केला असता?

आणि पालकहो, मूल एखाद्या शेवटावरून रुसलं, तर ‘सिनेमाच तर आहे’ म्हणू नका. ‘तुला काय पटलं नाही?’ एवढंच विचारा आणि दहा मिनिटं ऐकून घ्या.