बसला तरच वाजला: महागड्या बंद हेडफोनची पारख

लाख-दोन लाखांचा हेडफोन घ्यायचा म्हटलं की चर्चा सुरू होते ती ड्रायव्हरपासून. पडदा कशाचा, कप कोणत्या लाकडाचा, अ‍ॅम्प कोणता जोडायचा, यावर रात्री जागवल्या जातात. कानाभोवती पॅड नीट बसतात का, हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो आणि तोही ‘आराम’ या सदरात. ज्यांची पाठ बंद असते त्या क्लोज्ड-बॅक हेडफोनच्या बाबतीत हा क्रम उलटा आहे, असं माझं ठाम मत आहे. तिथे बसणं आणि वाजणं या दोन वेगळ्या गोष्टी नाहीतच. तोच हेडफोन दोन डोक्यांवर दोन प्रकारे वाजतो, आणि हा फरक पुष्कळदा दोन कंपन्यांच्या हेडफोनमधल्या फरकाहूनही मोठा निघतो. म्हणून पारख करायची तर आधी बैठकीची करावी, मग आवाजाची.

इतिहास थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या युटाच्या नेथॅनियल बाल्डविनने १९१०च्या सुमारास अमेरिकी नौदलाला हेडफोन पुरवले. जर्मनीच्या बायरने १९३७मध्ये डीटी ४८ हा डायनॅमिक हेडफोन आणला. मिलवॉकीच्या जॉन कॉसने १९५८मध्ये स्टीरिओ हेडफोन घरात पोचवला आणि १९६८मध्ये सेनहायझरच्या एचडी ४१४ने पाठ उघडी करून दाखवली. तेव्हापासून शौकिनांचा कल उघड्या हेडफोनकडे राहिला. बंद प्रकाराला खरी प्रतिष्ठा दिली ती १९८९च्या सोनी एमडीआर-आर१०ने, झेल्कोव्हाच्या लाकडात कोरलेल्या त्याच्या कपांनी. अलीकडच्या काळात काचेच्या पाठीचा सेनहायझर एचडी ८२०, बांबूच्या कपांचा डेनॉन एएच-डी९२००, बेरिलियमच्या पडद्याचा फोकल स्टेलिया आणि २०२१मध्ये आलेला, सुमारे ४,००० डॉलरचा डॅन क्लार्क ऑडिओ स्टेल्थ ही नावं या वर्गात ठळकपणे घेतली जातात.

आता मूळ मुद्दा. २० हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी सुमारे १७ मीटर भरते. एवढ्याशा पडद्यातून ती कानापर्यंत पोचते कशी? कप, पॅड आणि गालाची कातडी मिळून एक छोटी बंद खोली तयार होते आणि पडदा त्या खोलीतली हवा दाबतो, सोडतो. खोली हवाबंद असेल तर कितीही संथ हालचालीचा दाब कानाच्या पडद्यावर पोचतो. तिला फट पडली की काय होतं, ते सायकलच्या पंपाचा वायसर झिजला की कळतं. दांडा सावकाश दाबला तर हवा बाजूने निसटते, झपकन दाबला तर दाब तरीही जाणवतो. हेडफोनमध्ये संथ हालचाल म्हणजे खर्ज आणि झपाट्याची म्हणजे वरचे स्वर. म्हणूनच फट पडली की आवाज सगळा कमी होत नाही, फक्त तळ निघून जातो. ऐकणारा मात्र ‘या हेडफोनला बासच नाही’ म्हणून मोकळा होतो. त्याने हेडफोन ऐकलेलाच नसतो, फट ऐकलेली असते.

या फटी कुठे पडतात, तेही ठरलेलं असतं. पहिली चष्म्याच्या काडीपाशी, दुसरी कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या कोपऱ्यामागे जी खोलगट जागा असते तिथे. दाट केस, दाढी आणि झुमके यांची भर वेगळी. तपासायला कोणतंही यंत्र लागत नाही. खालच्या पट्टीतला एक लांब, एकसारखा स्वर लावावा आणि दोन्ही तळव्यांनी कप डोक्याकडे हलकेच दाबावेत. खर्ज एकदम भरून आला तर फट आहे. मग जबडा हलवावा, तोंड उघडावं, मान खाली घालावी; प्रत्येक वेळी तळ कमीजास्त होत असेल तर तो हेडफोन तुमच्या चेहऱ्याचा नव्हे. चष्मा लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे ऐकावं. पाळी पॅडच्या आत पूर्ण मावते की कडेवर दुमडते, हे बोट घालून पाहावं. डोक्यावरच्या पट्टीचा दाब कमी असेल तर बैठक सुटते, जास्त असेल तर तासाभरात कानशिलं ठणकतात. वजनाचा आकडा एकटा फसवतो. स्टेल्थ ४१५ ग्रॅमचा, स्टेलिया ४३५ ग्रॅमचा. पण भार टाळूवर एका जागी येतो की पट्टीभर पसरतो, यावर सगळं अवलंबून असतं. ते दोन मिनिटांत कळत नाही, अर्धा-पाऊण तास तरी हेडफोन डोक्यावर ठेवावाच लागतो.

बैठक जमली की मग आवाज. बंद कपाचा दुसरा शत्रू म्हणजे पडद्यामागून येणारा परावर्तित ध्वनी. पाच सेंटिमीटरवर समोरासमोर भिंती असतील तर सुमारे ३,४०० हर्ट्झला तिथे ध्वनी अडकून घुमतो, आणि आपल्या कानाची नळी स्वतःही साधारण तीन हजार हर्ट्झच्या आसपासच स्वर वाढवत असते. कान जिथे सर्वांत हळवा, नेमका तिथेच गोंधळ होतो. एचडी ८२०ची काच वक्र आहे ती परावर्तन ड्रायव्हरकडे परतू नये म्हणून. स्टेल्थमध्ये पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्यांचं जाळं बसवलं आहे ते असे घुमणारे स्वर शोषायला. ही कारागिरी फळाला आली की नाही हे ओळखायला आपल्या मराठी श्रोत्याच्या हाताशी एक अस्सल साधन आहे, ते म्हणजे तानपुरा.

चाचणीसाठी लोक भव्य वाद्यवृंद नाहीतर ड्रमचे ठोके लावतात. मला तानपुरा त्याहून नेमका वाटतो, आणि त्याला कारण आहे. तार छेडली की तिच्या मूळ स्वरासोबत वरच्या स्वरांची, म्हणजे उपस्वरांची, लांब माळ उमटते, आणि ती लवकर विझत नाही. छेडलेल्या जागी ज्या उपस्वरांचा निःस्पंद बिंदू येतो ते नियमाने उमटायला नकोत, पण तानपुऱ्यात तेही खणखणीत ऐकू येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१मध्ये नोंदवलं. हे घडतं घोडीचा पसरट, गोलसर माथा आणि तारेखाली सरकवलेलं सूत यांच्यामुळे. मिरजेचे कारागीर जवारी लावताना नेमकं हेच जुळवत बसतात. काळी एकच्या पुरुषी तानपुऱ्यात जोडीच्या तारा सुमारे १३९ हर्ट्झला आणि खर्ज ६९ला. उपस्वर मात्र हजारो हर्ट्झपर्यंत चढत जातात. म्हणजे खालून वरपर्यंतची फुटपट्टी एकाच वाद्यात मिळाली. हेडफोनमध्ये कुठे उंचवटा असेल तर त्या माळेतला एकच मणी सतत टोचत राहतो, शिट्टीसारखा. कुठे खड्डा असेल तर जवारी बंद झाल्यासारखी वाटते, तार नुसती ‘टण्ण’ वाजते आणि मिटते. चांगल्या हेडफोनमध्ये चार तारांचं एक वलय होतं आणि त्यात गंधार आपोआप ऐकू येतो.

तानपुऱ्यानंतर डग्गा. वादक मनगट सरकवून घुमारा चढवतो, तेव्हा खालचा स्वर कुठेही न तुटता वर जातो. मींड सुरुवातीला ऐकूच आली नाही आणि मधूनच उगवली, तर फट पडलेली आहे. एखाद्या टप्प्यावर ती फुगून ढब्ब झाली, तर दोष कपाचा आहे. दोन्ही प्रकारांत ‘बास चांगला की वाईट’ या भोंगळ प्रश्नाला ठाम उत्तर मिळतं. मात्र दोन हेडफोन ताडून पाहताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर आणावाच लागतो, कारण किंचित मोठा वाजणारा कानाला हटकून सरस वाटतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा: मोजमापांचे आलेख मिळत असताना कानाची उठाठेव कशाला? आलेख मोलाचे आहेतच. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांनी अनेक श्रोत्यांच्या पसंतीवरून जो आदर्श वक्र काढला, त्यामुळे नुसत्या चवीच्या गोष्टींना चाप बसला. पण आलेख कृत्रिम कानावर काढलेला असतो. त्याला ना चष्मा, ना दाढी. सदोष हेडफोन यादीतून वगळायला आलेख पुरेसा आहे. उरलेल्यांतून आपला निवडायला नाही. दुसरा आक्षेप किमतीचा: एवढे पैसे मोजल्यावर कंपनीने ही काळजी घेतलेलीच असणार. २०१७मध्ये येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजणी प्रसिद्ध केली, तेव्हा किंमत आणि स्वरपट्ट्यांचा समतोल यांचा परस्परसंबंध सापडला नाही. पैसा साहित्यात, कारागिरीत, टिकाऊपणात दिसतो. समतोल त्यासोबत येईलच असं नाही. तिसरा आक्षेप ईक्यूचा, म्हणजे स्वरपट्ट्या हव्या तशा कमीजास्त करण्याच्या सोयीचा: कमी तिथे वाढवू. रुंद, सौम्य दोष ईक्यूने जरूर सुधारतात. पण फट रोज वेगळी पडते, मान वळवली तरी बदलते; बदलत्या गळतीला ठरलेलं औषध लागू पडत नाही. आणि कान हळूहळू रुळतील म्हणावं, तर कान खरोखरच रुळतात. म्हणून तर निर्णय रुळण्याआधी घ्यायचा, नाहीतर दोषही गोड वाटू लागतो.

बंद हेडफोन घेण्याचं कारणच मुळात घर आहे. शेजारी कुणी झोपलंय, रस्त्यावर रहदारी आहे, आणि तरीही ऐकायचंय. बैठक घट्ट असेल तर बाहेरचा कलकलाट कमी होतो आणि आवाज खाली ठेवता येतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी घातलेली मर्यादा आठवड्याला ४० तास, तेही ८० डेसिबलपर्यंत, एवढीच आहे. फटीतून निसटलेला खर्ज परत मिळवायला आवाज वाढवत जाणारा माणूस ती सहज ओलांडतो. म्हणून दुकानात जाताना रोजचा चष्मा लावून जा, ओळखीच्या तानपुऱ्याचं आणि डग्ग्याचं ध्वनिमुद्रण सोबत न्या, निदान अर्धा तास मागून घ्या. आणि शेवटी पॅडची चौकशी करा. पॅड दबले, चिरले की कान आणि पडदा यांमधलं अंतर बदलतं, फट पडते आणि तुम्ही पसंत केलेला आवाज उरत नाही. ज्या हेडफोनचे मूळ पॅड पाच वर्षांनी मिळण्याची खात्री दुकानदार देऊ शकत नाही, तो कितीही सुरेल वाजला तरी घेऊ नका.