डोक्यावरचे विमान आणि पात्यांचे गणित

मुंबईत घाटकोपर, साकीनाका, कुर्ल्याची जरीमरी या बाजूला ज्यांचे घर आहे किंवा नातेवाईक आहेत, त्यांना हा अनुभव नवा नाही. घरात बोलणे चालू असते, चहाचे कप हातात असतात, एवढ्यात डोक्यावरचे पत्रे थरथरू लागतात. सगळे जण बोलता बोलता थांबतात. विमान उतरून गेले की वाक्य जिथे तुटले तिथून पुढे सुरू होते.

आम्ही अशाच एका घरी गेलो होतो. दहावीतील मुलगी मोठ्याने धडा वाचत होती. विमान आले की ती ओळीवर बोट ठेवून थांबे. गेले की पुन्हा वाचू लागे. आम्ही विचारले, "बाळ, त्रास होत नाही का?" ती हसून म्हणाली, "सवय झाली, काका."

सवय झाली हे खरे. पण सवय झाली म्हणजे नुकसान थांबले, असे नाही. लंडन, अॅमस्टरडॅम आणि माद्रिद येथील विमानतळांजवळच्या 89 शाळांतील नऊ-दहा वर्षांच्या सुमारे 2,800 मुलांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष 2005 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. विमानाचा आवाज जितका जास्त, तितके मुलांचे वाचून समजणे कमी, असे त्यात दिसून आले. आवाजात 5 डेसिबलचा फरक असेल, तर इंग्लंडमधील मुले वाचनात सुमारे दोन महिने मागे पडलेली आढळली. जर्मनीत म्युनिकचा जुना विमानतळ 1992 साली बंद झाला, तेव्हा त्या भागातील मुलांची स्मरणशक्ती आणि वाचन पुन्हा सुधारल्याचे संशोधकांनी नोंदवले. म्हणजे दोष मुलांच्या बुद्धीत नव्हता, डोक्यावरच्या आवाजात होता.

मग प्रश्न येतो, हा आवाज कमी करता येतो का? येतो. गेल्या सत्तर वर्षांत तो पुष्कळ कमी झालाही आहे. तो कसा झाला, हे आपल्या घरातील थोरामोठ्यांनी आणि मुलांनी समजून घेण्यासारखे आहे.

वेग निम्मा, आवाज अडीचशे पटींनी कमी

जेट विमानाची प्रवासी सेवा 1952 साली लंडन ते जोहान्सबर्ग या मार्गावर सुरू झाली. त्या काळच्या इंजिनातून तापलेल्या हवेचा झोत प्रचंड वेगाने मागे फेकला जाई आणि बाहेरच्या शांत हवेवर आपटून गर्जना करी. त्याच 1952 साली इंग्लंडमधील मँचेस्टर विद्यापीठाच्या जेम्स लाइटहिल या 28 वर्षांच्या गणितज्ञाने त्या गर्जनेचा हिशेब मांडला. झोताच्या आवाजाची शक्ती वेगाच्या आठव्या घाताने वाढते, असे त्यांनी दाखवले. सोप्या भाषेत सांगायचे, तर दोन हा आकडा आठ वेळा लिहून गुणाकार करा. उत्तर 256 येते. झोताचा वेग निम्मा केला, तर आवाजाची शक्ती 256 पटींनी घटते.

यातून इंजिनाचा आकारच बदलला. थोडी हवा फार वेगाने फेकण्याऐवजी पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेकावी, तरी विमान तितक्याच जोराने पुढे जाते. यासाठी इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा आला. 1970 साली सेवेत आलेल्या बोइंग 747 ची रुंद तोंडाची इंजिने याच विचाराची होती. मागची गर्जना कमी झाली. पण पुढे नवा त्रास उभा राहिला. आता पंखाच शिट्टी मारू लागला.

पंख्याची शिट्टी नळीत कशी अडते?

हा पंखा उघडा नसतो, तो एका रुंद नळीत बसवलेला असतो. इंजिनियर मंडळी तिला डक्ट म्हणतात. फिरत्या पात्यांच्या मागे न फिरणाऱ्या पट्ट्या असतात. हवा सरळ करणे हे त्यांचे काम. समजण्यासाठी आकडे घेऊ. पंख्याला 20 पाती आहेत आणि तो सेकंदाला 50 फेऱ्या घेतो. प्रत्येक पाते आपल्या मागे हवेची खळबळ सोडते आणि ती पट्टीवर आपटते. असे सेकंदाला 20 गुणिले 50, म्हणजे 1,000 ठोके होतात. माणसाच्या कानाला हा सूर फार चांगला ऐकू येतो. म्हणूनच तो टोचतो.

अमेरिकेतील प्रॅट अँड व्हिटनी कंपनीचे जॉन टायलर आणि थॉमस सोफ्रिन यांनी 1962 साली या शिट्टीचे कोडे उलगडले. त्यांचे म्हणणे असे: पाती 20 आणि पट्ट्या 22 असतील, तर दोहोंतील वजाबाकी 2. पाते आणि पट्टी बरोबर समोरासमोर येण्याच्या जागा एका वेळी दोनच असतात आणि त्या जागा नळीत गोल धावतात. त्यांचा वेग पंख्याच्या दहापट असतो, कारण 20 ला 2 ने भागले की 10 येतात. नळीच्या कडेला हा वेग आवाजाच्या वेगाहून कितीतरी जास्त होतो. अशी लाट नळीतून सुसाट बाहेर पडते.

आता त्याच पंख्यामागे 46 पट्ट्या बसवा. वजाबाकी 26. गोल फिरणारी आकृती आता पंख्याच्या तीनचतुर्थांश वेगाने, म्हणजे सावकाश फिरते. विमान उतरताना तर ती आवाजाच्या वेगापेक्षा हळू असते. अशी लाट नळीत पुढे जाऊ शकत नाही. हातभर अंतरातच ती विरून जाते.

हे पटत नसेल तर पाण्याने भरलेल्या पिंपात हात घालून पाहा. हात हळू फिरवला, तर पाणी बाजूने सरकून मागची जागा भरते. लाट उठत नाही. जोरात फटका मारला, तर पाण्याला सरकायला वेळ मिळत नाही आणि लाट काठावरून बाहेर उडते. नळीतील हवेचेही तसेच आहे.

वाचकहो, यातील नवल लक्षात घ्या. इथे कापूस कोंबला नाही, बूच लावले नाही. फक्त पट्ट्या किती असाव्यात, हे मोजून ठरवले.

राहिलेला आवाज पोळ्यात जिरतो

मात्र एवढ्याने सर्व काम होत नाही. मूळ सूर अडला, तरी त्याच्या दुप्पट चढा सूर निसटतो. उड्डाणाच्या वेळी पात्यांची टोके आवाजापेक्षा जास्त वेगाने फिरू लागतात, तेव्हा करवतीसारखा कर्कश आवाज येतो. त्यासाठी नळीच्या आतील भिंतीला अस्तर लावतात. वर बारीक छिद्रांचा पत्रा आणि त्याखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काही सेंटिमीटर खोल घरे. बाटलीच्या तोंडावर फुंकले की ती एका ठरावीक सुरात बोलते. तशी ही हजारो लहान घरे ठरावीक सुराला साद देतात. छिद्रांतील हवा आतबाहेर घासली जाते आणि आवाजाची शक्ती उष्णतेत जिरते. घरांची खोली ठरवली की कोणता सूर जिरवायचा, तेही ठरते.

हे नळीचे शास्त्र केवळ विमानापुरते नाही. मोटारीच्या सायलेन्सरमध्ये, कारखान्याच्या हवेच्या नळांत तेच लागू पडते. बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक एम. एल. मुंजाळ यांचा या विषयावरील इंग्रजी ग्रंथ 1987 साली निघाला.

कायद्याने काय केले?

संशोधन कपाटात पडून राहिले नाही, याचे एक कारण कायदा होय. विमानतळांजवळ राहणाऱ्या लोकांच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा अमेरिकेने 1969 साली आणि आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने 1971 साली आवाजाच्या मर्यादा घातल्या. नव्या जातीच्या विमानाचा आवाज तीन जागी मोजतात. त्यांतील एक जागा उतरण्याच्या वाटेवर, धावपट्टीच्या टोकापासून 2,000 मीटर अलीकडे असते. तिथे विमान अवघे 120 मीटर उंचीवर असते. जरीमरीची माणसे विमानाच्या पोटाखाली राहतात, त्यांना ही जागा सांगावी लागत नाही.

मर्यादा वेळोवेळी कडक होत गेल्या. साठच्या दशकातील विमानांपेक्षा आजचे विमान सुमारे 20 डेसिबलने शांत आहे. दर 10 डेसिबलला आवाज कानाला निम्मा वाटतो. म्हणजे आज तो जवळजवळ चौथाई राहिला आहे.

तरीही त्या मुलीला ओळीवर बोट का ठेवावे लागते? कारण एकेक विमान शांत झाले, पण विमाने वाढली. मुंबईच्या विमानतळावर 2023 साली दिवसाला 900 च्या आसपास विमानांची ये-जा होती. शिवाय उतरताना चाके आणि पंखांच्या उघडलेल्या झडपा यांवर हवा आपटून होणारा आवाज आता इंजिनाच्या तोडीस आला आहे. त्यावर संशोधन चालू आहे. आणि इंजिन कितीही शांत झाले, तरी पत्र्याच्या छपराखालच्या वर्गात त्याचा उपयोग अपुराच राहतो.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे. मूल लक्ष देत नाही म्हणून त्याला रागावण्यापूर्वी त्याच्या अभ्यासाच्या वेळी किती विमाने जातात, ते आठवडाभर वहीत लिहून ठेवा. विमाने कमी असतात ती वेळ पाठांतरासाठी राखा. घरात छपरापासून आणि खिडकीपासून दूरचा कोपरा त्याला द्या. आणि शाळेच्या पालकसभेत वर्गाला पक्के छत, बंद होणाऱ्या खिडक्या आणि आवाजाची मोजणी यांची मागणी तीच वही दाखवून करा. इंजिनाचा आवाज कमी झाला तो कोणीतरी आधी मोजला म्हणून. आपल्या मुलांच्या वर्गातला आवाजही मोजला गेला पाहिजे.